जगभर दिसणाऱ्या हेवी मशीनगन दोन-तीनच का?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न आज मांडतो.

गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या युद्धांची छायाचित्रं बारकाईने बघतो आहे. सीरिया, येमेन, माली, युक्रेन, कुठलंही घ्या. रायफली दहा जातीच्या दिसतात, तोफाही निरनिराळ्या. पण ट्रकच्या पाठीवर, रणगाड्याच्या टपावर किंवा वाळूच्या गोण्यांमागे जड मशीनगन दिसली, की ती बहुतेक वेळा दोघींपैकीच एक असते. एक अमेरिकन ब्राउनिंग एम-२, दुसरी सोव्हिएत डीएसएचके. तिसरी दिसलीच तर केपीव्ही, तीही सोव्हिएत.

एम-२ हे नाव १९३३ सालचं. डीएसएचके सोव्हिएत सैन्यात आली १९३९ मध्ये. त्या काळातली विमानं, रणगाडे, रेडिओ सगळे संग्रहालयात जाऊन बसले. या दोघी मात्र अजून कामावर आहेत. असं का? रचनाच इतकी पक्की होती, की हा महासत्तांच्या राजकारणाचा परिणाम?

माझा कल रचनेकडे आहे. जॉन ब्राउनिंग हा त्या क्षेत्रातला असामान्य माणूस होता, आणि चांगली वस्तू टिकतेच, असं मला वाटतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_चावी
छान विषय. जागा राखून ठेवतो, रात्री निवांत लिहीन. तुमच्या कलाशी मी असहमत आहे एवढं आत्ताच सांगतो.

पानगळ
आधी एक व्याख्या स्पष्ट करून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होईल. पहिल्या महायुद्धात ‘हेवी’ म्हणजे वजनाने जड. गोळी साध्या रायफलचीच, पण बंदूक पाण्याने थंड होणारी, तिवईवर किंवा चाकांवर ठेवलेली, हलवायला चार-पाच माणसं लागणारी. हायरम मॅक्झिमने १८८४ मध्ये लंडनमध्ये दाखवलेली बंदूक ही या सगळ्यांची आजी. आज ‘हेवी’ म्हणतात ते गोळीच्या जाडीवरून, म्हणजे १२.७ मिमी आणि त्यापुढे.

आणि जगभर पसरण्याचा पहिला मान एम-२ चा नाही, मॅक्झिमचा. ब्रिटनची व्हिकर्स, जर्मनीची एमजी ०८, रशियाची १९१० ची चाकांवरची मॅक्झिम, चीनची टाइप २४, या सगळ्या मुळात एकच. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या खंदकांत एकाच माणसाच्या शोधाच्या बंदुका एकमेकींवर आग ओकत होत्या. मला ही गोष्ट कधीच पचलेली नाही.

लोहारकाम
धागाकर्त्याशी सहमत. यंत्रशाळेत आयुष्य गेलं आहे, त्यामुळे एम-२ कडे यंत्र म्हणून बघतो.

ही बंदूक धक्क्यावर चालते. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट एकमेकांना जखडलेल्या अवस्थेत थोडं मागे येतात, मग सुटे होतात, बोल्ट एकटा मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. यात गॅसची बारीक छिद्रं नाहीत, म्हणून काजळीने अडण्याची भीती कमी. सगळे भाग जाडजूड, पोलादाचे. बंदूक ३८ किलो, तिवई २० किलो. आजच्या नजरेने हे वजन जास्त आहे, पण याच वजनाने तिला आयुष्य दिलं. गोळीबाराचा वेग मिनिटाला ४५० ते ६००, म्हणजे घाई नाही. भाग एकमेकांवर आदळतात ते बेताने.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या ॲनिस्टन इथल्या लष्करी डेपोत अनुक्रमांक ३२४ ची बंदूक दुरुस्तीला आली. नव्वद वर्षांच्या आसपासची. तिची बरीचशी मापं अजून मूळ नकाशाला धरून होती. झीज कुठे होते, किती होते, हे रोज बघणाऱ्या माणसाला या एका वाक्याचं मोल कळेल.

आणि श्रेय एकट्या ब्राउनिंगला देऊ नका. तो १९२६ मध्येच वारला, बेल्जियममधल्या लिएजला, कामाच्या टेबलापाशी. त्याच्या मागे डॉ. सॅम्युएल ग्रीन यांनी रचना अशी बदलली, की एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या नळ्या लावून विमानाची, जहाजाची, रणगाड्याची, जमिनीवरची, सगळ्या बंदुका बनाव्यात. पट्टा डावीकडून घाला की उजवीकडून, काही भाग उलटे बसवले की झालं. माझ्या मते एम-२ चं खरं यश या कामात आहे आणि ते नाव कुणाच्या तोंडी नसतं.

तिसरा_डबा
लोहारकाम दादा, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. आणखी लिहा.

दिवा_मालवा
दादांनी एक दोष मात्र सोडून दिला. एम-२ ची नळी बदलली की हेडस्पेस (बोल्ट आणि नळीतलं काडतूस यांच्यातलं अंतर) आणि टायमिंग (गोळी नेमकी कधी सुटावी ते) हाताने जुळवावं लागायचं. नळी फिरवत आत बसवायची, मग ठरावीक खाचांइतकी मागे फिरवायची, मापपट्टी घालून बघायचं. चुकलं तर काडतूस नीट आधार नसताना फुटणार, आणि बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडावर येणार. रात्री, पावसात, अंगावर गोळीबार होत असताना हे करायचं! अमेरिकन सैन्याने पटकन नळी बदलता येणारी एम-२ए१ घेतली ती २०१० नंतर. बेल्जियमच्या एफएन कंपनीने तशी सोय कितीतरी आधी केली होती. एवढा मोठा दोष पाऊण शतक अंगावर बाळगूनही बंदूक टिकली. मग ती रचनेच्या जोरावर टिकली असं कसं म्हणायचं?

लोहारकाम
दिवा_मालवा, दोष मान्य. पण बंद खोलीत बसून दोष म्हणणं वेगळं. ज्यांनी ती मापपट्टी गळ्यात अडकवून ठेवली त्यांच्या हाताला ते काम बसलं होतं. शिकवता येतो तो दोष परवडतो, न कळणारा परवडत नाही.

कडेलोट
अवांतर: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सगळे प्रकार धरून जवळजवळ वीस लाख एम-२ बनवल्या. त्यात जनरल मोटर्सचे स्पार्क प्लगवाले, स्टिअरिंगवाले, आणि चक्क फ्रिजिडेअर, म्हणजे फ्रीज बनवणारा विभागही होता. बंदूक हवेने थंड व्हायची त्याचं कारण आज कळलं. 😀

तिसरा_डबा
😂😂 कडेलोट!

टपावरचा
मी टी-७२ रणगाड्यावर होतो, त्यामुळे या दोघींशी नाही पण त्यांच्या धाकट्या बहिणीशी ओळख आहे. एनएसव्ही, १२.७ मिमी. निकितिन, सोकोलोव्ह, वोल्कोव्ह या तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव. डीएसएचकेची जागा घ्यायला सत्तरच्या दशकात आली, वजन २५ किलो.

ती चालवायला कमांडरला टपाबाहेर छातीपर्यंत उभं राहावं लागतं. पहिल्यांदा चालवली तेव्हा कानाआधी दातांना कळलं. संपूर्ण जबडा हलतो. धूळ इतकी उडते की तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर निशाणा दिसतच नाही, ट्रेसरच्या, म्हणजे चमकत जाणाऱ्या गोळीच्या, रेषेवर भरवसा ठेवायचा. आणि सराव संपला की खरं काम सुरू. पट्टे भरणं, पेट्या वर चढवणं, साफसफाई. आमचे उस्ताद सांगायचे, ‘बंदूक कोणीही चालवेल, पट्टा नीट भरणारा दाखवा.’ गोळी पट्ट्यात किंचित पुढे-मागे बसली की बंदूक अडते, आणि दोष बंदुकीवर जातो.

म्हणून धागाकर्त्यांना एक सांगावंसं वाटतं: छायाचित्रात फक्त बंदूक दिसते. काडतुसांचा ट्रक चौकटीबाहेर असतो.

जुनी_चावी
टपावरचा यांनी शेवटच्या वाक्यात माझं सगळं म्हणणं सांगून टाकलं. तरी शब्द दिला होता म्हणून लिहितो.

माझं मत: बंदूक पसरत नाही, काडतूस पसरतं. बंदूक त्याच्यामागे जाते.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन जनरल पर्शिंग यांना विमानं आणि चिलखत यांच्यावर चालेल अशी जास्त ताकदीची गोळी हवी होती. ब्राउनिंग आणि विंचेस्टर कंपनी कामाला लागले. त्यांचा पहिला प्रयत्न कमी पडत होता, मग जर्मनांच्या रणगाडाविरोधी रायफलचं १३.२ मिमी काडतूस हाती लागलं आणि वेग कुठपर्यंत न्यायचा ते कळलं. यातून आलं १२.७ × ९९ (पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, दोन्ही मिमीमध्ये).

आता त्याच काळातले बाकीचे बघा. ब्रिटिशांचं व्हिकर्स १२.७ × ८१ होतं, रॉयल नेव्हीच्या जहाजांवर चार-चार नळ्यांचे संच होते. गेलं. फ्रेंच हॉचकिसचं १३.२ मिमी होतं, जपान आणि इटलीनेही ते घेतलं होतं. तेही गेलं. या बंदुका टाकाऊ होत्या का? नाही. पण १९४५ नंतर त्यांचे पट्टे भरून देणारा कोणी उरला नाही.

आणि रचनावाल्यांसाठी हा मुद्दा खास ठेवला होता. जपानी सैन्याची हो-१०३ ही विमानातली मशीनगन. यंत्रणा ब्राउनिंगचीच, नक्कल. काडतूस मात्र ते छोटं १२.७ × ८१ जातीचं. लोहारकाम म्हणतात ते सगळे गुण तिच्यात उतरले होते. आज ती कुठे आहे? तीच यंत्रणा मोठ्या काडतुसाबरोबर जगभर गेली, छोट्याबरोबर संपली.

वीस लाख बंदुका बनल्या, युद्ध संपलं, अमेरिकेची कोठारं भरलेली. मित्रदेशांना मदत म्हणून ट्रक, रणगाडे, चिलखती गाड्या जात होत्या आणि प्रत्येकीच्या टपावर एम-२ बसवलेली. शर्मन रणगाडा घेतला की बंदूक सोबत आलीच. पुढे नाटोमध्ये काडतूस प्रमाण ठरलं. एकदा तुमच्या कोठारात ते काडतूस भरलं, की दुसरी बंदूक घेताना पहिला प्रश्न एकच असतो: आमची गोळी चालेल का?

निळी_शाई
जुनी_चावी, हो-१०३ चा मुद्दा मला माहीतच नव्हता. माझ्या मताला चांगलाच हादरा बसला आहे. पण डीएसएचकेचं काय? सोव्हिएतांनी युद्धात काही लाख बनवल्या नव्हत्या ना?

पानगळ
नव्हत्या. महायुद्धात डीएसएचके काही हजारच बनल्या, एम-२ च्या तुलनेत नगण्य. तिची वाट वेगळी आहे. सोव्हिएत रचनाकार द्येग्त्यार्योव्हने १९३० च्या सुमारास डीके बनवली, तिला ३० गोळ्यांचा जडशीळ ढोल होता आणि वेग फारच कमी. श्पागिनने १९३८ मध्ये पट्ट्याची सोय केली आणि नावात दोघं आले. रशियन सैनिक तिला ‘दुश्का’ म्हणत, म्हणजे लाडकी, प्रिया. चाकांसकट १५७ किलोची प्रिया.

खरा प्रसार युद्धानंतरचा. सुधारित डीएसएचकेएम आली आणि सोव्हिएतांनी नकाशे मित्रदेशांना देऊन टाकले. चीनची टाइप ५४, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, पुढे पाकिस्तान, इराण. चेकोस्लोव्हाकियाने चार डीएसएचके एकत्र बसवलेला विमानविरोधी गाडा बनवला, तो क्यूबात पोहोचला आणि १९६१ मध्ये बे ऑफ पिग्जच्या हल्ल्याच्या वेळी वापरला गेला. चिनी टाइप ५४ व्हिएतनाम, अफगाणिस्तान, आफ्रिका, सगळीकडे. अफगाणिस्तानात तर सोव्हिएत हेलिकॉप्टरांवर डोंगरमाथ्यावरून, म्हणजे वरून खाली, सोव्हिएतांच्याच रचनेची बंदूक चालली.

म्हणजे एम-२ कोठारातून पसरली, डीएसएचके नकाशातून.

जुनी_चावी
शेवटची ओळ +१. आणि एम-२ चं १२.७ × ९९ व डीएसएचकेचं १२.७ × १०८ ही दोन काडतुसं एकमेकांच्या बंदुकीत चालत नाहीत. शीतयुद्धाची सीमारेषा ९ मिलिमीटरची होती असंही म्हणता येईल.

कडेलोट
मी एक ऐकलं आहे. १२.७ मिमीची गोळी माणसांवर चालवायला आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहे, फक्त ‘साहित्यावर’ चालवता येते. खरं का?

सावलीची_रेघ
कडेलोट, हा फार जुना गैरसमज आहे, सैनिकांमध्येही आढळतो. अशी बंदी नाही. गोंधळाचं एक मूळ १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात असावं. त्यात ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या न वापरण्याचं ठरलं होतं. तो मुद्दा स्फोटक गोळीचा आहे, जाडीचा नाही.

आता मूळ विषयावर. सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, पण ‘घेणारा’ कोण हे अजून कोणी विचारलं नाही. १९८७ मध्ये चाडच्या सैनिकांनी लिबियाच्या रणगाड्यांना टोयोटा पिकअपवरून हरवलं. मागच्या हौद्यात कधी रणगाडाविरोधी मिलान क्षेपणास्त्र, कधी जड मशीनगन. त्या युद्धाला टोयोटा युद्ध हेच नाव पडलं. पुढे सोमालियात, लिबियात, सीरियात तेच चित्र. ज्याच्याकडे रणगाडा नाही, वैमानिक नाहीत, कारखाना नाही, त्याला एक पिकअप आणि एक दुश्का मिळाली की रस्ता त्याचा. तोफ चालवायला गणित शिकवावं लागतं. ही चालवायला काही दिवस पुरतात. सरकारं कोसळतात, कोठारं फुटतात आणि बंदूक मालक बदलते. एका पिढीने मित्राला दिलेली वस्तू पुढच्या पिढीत कोणाच्या हातात असेल हे देणाऱ्याला कळत नाही.

मातीच्या किंवा विटांच्या घरांच्या भिंती या गोळीला अडवत नाहीत. भिंतीमागे कोण असतं ते मी लिहायला नको. हा धागा यंत्राचा आहे हे मान्य, तरी हे इथे नोंदलेलं असावं.

टपावरचा
ताई, नोंद असावीच. ज्याने ती चालवली आहे तो हे विसरत नाही. आमच्या सरावात लक्ष्यामागची टेकडी कित्येक किलोमीटरपर्यंत मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय हुकूम मिळत नसे. एम-२ ची गोळी साडेसहा किलोमीटरच्या पुढे जाते. नेम धरून मारता येतं १८०० मीटरच्या आसपास, उरलेल्या अंतरात ती कोणाचीही असते.

तिसरा_डबा
नेम निघाला म्हणून: व्हिएतनाममध्ये १९६७ साली अमेरिकन नेमबाज कार्लोस हॅथकॉकने एम-२ वर दुर्बीण बसवून एकेक गोळी झाडली आणि २२८६ मीटरवर नेम साधला. तो विक्रम २००२ पर्यंत टिकला.

लोहारकाम
घ्या! हे राजकारणाने होत नाही, त्याला यंत्र लागतं. 🙂

जुनी_चावी, तुमचं काडतूस मला पटलं आहे, पण अर्धंच. काडतूस पसरलं म्हणून त्या काडतुसाची *कुठलीही* बंदूक टिकते का? अमेरिकेनेच एम-२ ला काढायचा किती प्रयत्न केला. एम-६० रणगाड्यासाठी एम-८५ बनवली. काडतूस तेच. सतत अडायची, रणगाडेवाले वैतागले, ती गेली. पुढे एक्सएम-३१२, मग एक्सएम-८०६, एम-२ च्या निम्म्या वजनाच्या आसपास. गोळीबाराचा वेगही निम्मा झाला, आणि २०१२ मध्ये प्रकल्प गुंडाळला. मग एम-२ लाच नवी नळी लावून पुढे नेलं. काडतूस सगळ्यांना सारखंच होतं. टिकली ती एकच.

जुनी_चावी
लोहारकाम, एम-८५ चं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्या बंदुकीला पट्ट्याच्या कड्या वेगळ्या लागायच्या! काडतूस तेच, पण एम-२ चा भरलेला पट्टा तिच्यात चालत नसे. म्हणजे एकाच तुकडीत दोन जातीचे पट्टे सांभाळायचे. मी तर म्हणेन माझाच मुद्दा सिद्ध झाला.

एक्सएम-८०६ बाबत मात्र माघार घेतो. तिथे पुरवठ्याची अडचण नव्हती. तिथे जुनी बंदूक खरोखर सरस ठरली.

दिवा_मालवा
आणि केपीव्ही? तिच्यामुळे दोघांचंही म्हणणं मोडतं. १४.५ मिमी, काडतूस मुळात १९४१ च्या रणगाडाविरोधी रायफलींसाठी बनवलेलं. त्या रायफली जाड चिलखतापुढे निरुपयोगी झाल्या, काडतूस मात्र उरलं. मग व्लादिमिरोव्हने त्याच्यासाठी बंदूक बनवली. ती पसरली कशी? बीटीआर-६० या चिलखती गाडीच्या बुरुजात बसून आणि झेडपीयूच्या दोन-चार नळ्यांच्या विमानविरोधी गाड्यांवर बसून. म्हणजे केपीव्हीच्या बाबतीत पसरली ती गाडी. बंदूक प्रवासी म्हणून गेली.

पानगळ
हे महत्त्वाचं आहे. शर्मनचंही तेच झालं, जुनी_चावींनी वर लिहिलंय. बंदूक, काडतूस आणि बैठक (बंदूक ज्यावर बसवतात ते) असं त्रिकूट धरायला हवं. जर्मनांची बैठक बघा: त्यांनी पायदळाला १२.७ दिलीच नाही. एमजी ३४, एमजी ४२ रायफलच्याच गोळीवर, तिवईवर ठेवली की जड, काढली की हलकी. जमिनीवरून विमानं पाडायला थेट २० मिमी. जमिनीवर मधली पायरी त्यांनी वगळली, म्हणून जर्मन दुश्का असं काही नाही.

आणि कारखाना हरवला तर काय होतं त्याचंही उदाहरण टपावरचा यांच्या एनएसव्हीचंच. तिचा कारखाना कझाकस्तानात, उराल्स्कला. सोव्हिएत संघ फुटला आणि रशियाची स्वतःची हेवी मशीनगन परदेशात बनू लागली! म्हणून नव्वदच्या दशकात रशियातल्या कोव्ह्रोव्हला कोर्ड ही नवी बंदूक बनवावी लागली. काडतूस? तेच, १२.७ × १०८.

टपावरचा
आपल्याकडे एनएसव्ही तिरुचिरापल्लीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनते, त्यामुळे आम्हाला तो फटका जाणवला नाही.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत बदललं आहे, आणि कुठे बदललं तेही सांगतो. मी रचना म्हणजे बंदुकीची रचना समजत होतो. डॉ. ग्रीन यांनी जे केलं, म्हणजे एकच सांगाडा विमानाला, जहाजाला, रणगाड्याला चालेल असा, ती पुरवठ्याचीच रचना होती. लोहारकाम आणि जुनी_चावी तिथे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत असं मला वाटतं.

एक उपप्रश्न. आता पुढे काय? क्षेपणास्त्रांच्या आणि ड्रोनच्या काळात यांना निरोप मिळेल का?

सावलीची_रेघ
उलट होताना दिसतंय. युक्रेनमध्ये रात्री रशियाने सोडलेले शाहेद ड्रोन पाडायला पिकअपवर सर्चलाइट आणि मशीनगन घेऊन फिरणारी पथकं आहेत. एम-२ आहे, डीएसएचके आहे, आणि काही ठिकाणी जोडीने बसवलेल्या १९१० च्या मॅक्झिमही. लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र प्रत्येक ड्रोनवर खर्चता येत नाही.

पानगळ
पाण्याने थंड होणारी, सलग बराच वेळ चालणारी बंदूक आणि हळू उडणारं लक्ष्य. मॅक्झिमसाठी हे कामच योग्य आहे.

जुनी_चावी
आणि पर्शिंग यांनी मोठी गोळी मागितली त्यामागे विमानं होतीच.

लोहारकाम
जुनी_चावी, बैठकांवर स्वतंत्र धागा काढा. झेडपीयूपासून सुरुवात करा. तिवईचा भाग मी लिहितो, माझ्याकडे हाताने काढलेल्या आकृत्या आहेत.